‘आज सरावाला कोण नव्हतं?’ : अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना खुले पत्र

मित्रमैत्रिणींनो,

हे पत्र अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या सगळ्याच मराठी मुलामुलींसाठी आहे. पण आठवड्याच्या वीस तासांच्या कॅम्पस नोकरीसाठी जे अ‍ॅथलेटिक्स विभागात शिरले आहेत त्यांनी ते जरा सावकाश वाचावं. म्हणजे संघाचे व्हिडिओ कापणारे, सामन्याची आकडेवारी टॅबलेटवर भरणारे, खेळाडूंना स्टॅटिस्टिक्स शिकवणारे ट्यूटर, जिमच्या काउंटरवर बसणारे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना बास्केटबॉलशी देणंघेणं नसेल, जीव क्रिकेटवर असेल. सट्टेवाल्याचं त्यावाचून अडत नाही. त्याला तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात: येताजाता तुमच्या नजरेस पडलेली एखादी बाब, आणि सट्ट्याच्या अ‍ॅपवर तुमच्या नावाचं स्वच्छ खातं.

फिक्सिंग म्हटलं की पैसे खाणारा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. तो असतोच. पण साखळीतला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात बेभरवशाचा माणूसही तोच. त्याच्या आजूबाजूची माणसं स्वस्तात मिळतात, त्यांना कुणी ओळखत नाही, आणि आपण गुन्ह्यात आहोत हे त्यांना बरेचदा शेवटपर्यंत कळत नाही.

आधी हिशेब समजून घ्या, कारण तो कळला नाही तर पुढचं सगळं किरकोळ वाटेल.

कॉलेज बास्केटबॉलवर पैसे लागतात ते कोण जिंकणार यावर कमी, किती फरकाने जिंकणार यावर जास्त. याला स्प्रेड म्हणतात. १९४०च्या दशकापासून ही पद्धत रुळली. समजा घरच्या संघाचा भाव उणे साडेसहा आहे. तो सात किंवा जास्त गुणांनी जिंकला तरच त्याच्यावर लावलेला पैसा सुटतो. सहाने जिंकला तर मैदानात जल्लोष, आणि पैसे लावणाऱ्यांच्या खिशाला कात्री. सर्वसाधारणपणे ११० डॉलर लावले तर वर १०० मिळतात, त्यामुळे प्रामाणिकपणे पैसे लावणाऱ्याला नुसतं बरोबरीत राहायचं तरी हजारातल्या ५२४ वेळा बरोबर यावं लागतं. हे वर्षानुवर्षं जमणारे लोक फार थोडे. म्हणून एखाद्या सामन्यात पारडं जरी थोडं एका बाजूला झुकल्याचं आधी कळलं, तरी त्या माहितीला मोल येतं. (मुंबईचा मटका सुरुवातीला न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या कापसाच्या भावांवर लागायचा. तिकडचा आकडा आधी कळणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या जुन्या फंटरना कुणी शिकवायला नको.)

स्प्रेडमुळे खेळाडूला गळाला लावणंही सोपं होतं. हरायला कुणी सांगतच नाही. चौदाऐवजी सहाने जिंका, एवढंच. जानेवारी १९९४ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेटचा संघ ओरेगन स्टेटविरुद्ध साधारण चौदा गुणांनी जिंकेल असा भाव होता. तो सहा गुणांनी जिंकला. विकला गेलेला खेळाडू, स्टीव्हिन स्मिथ, त्या रात्री ३९ गुण करून गेला. बघणाऱ्याला काय दिसणार? बचावात अर्धं पाऊल उशिरा सरकायचं, आपल्या वाट्याच्या माणसाला थोडी मोकळीक द्यायची, बास. चेंडू मुद्दाम बाहेर मारणारा, फ्री थ्रो सारखे चुकवणारा खेळाडू चित्रफितीत लगेच सापडतो. उशिरा सरकणारा सापडत नाही.

आता हे बिघडतं कसं तेही पाहा, कारण बिघडलं की वसुली सुरू होते. १९७८-७९ च्या हंगामातलं बॉस्टन कॉलेजचं प्रकरण याचा नमुना आहे. पैसा आणि दरारा न्यूयॉर्कच्या लुकेझी टोळीशी जोडलेल्या जिमी बर्कचा, मध्यस्थी हेन्री हिलची, आणि खेळाडूपर्यंतचा धागा पिट्सबर्गच्या दोन पर्ला भावांचा. त्यातला एक भाऊ रिक कून या खेळाडूचा शाळेपासूनचा मित्र. दर सामन्याला २,५०० डॉलर ठरले. चाचणीचा सामना प्रॉव्हिडन्सविरुद्ध झाला. बॉस्टन कॉलेजने सहा-सात गुणांच्या आत जिंकायचं होतं, ते १९ गुणांनी जिंकले. कारण साधं: कून आतला उंच खेळाडू, आणि सामन्याचा वेग ठरतो तो चेंडू घेऊन पुढे येणाऱ्या पॉइंट गार्डच्या हातात. मग त्यालाही ओढावं लागलं. पुढे हार्वर्डविरुद्ध मनासारखं झालं, बारा-तेराच्या भावाला संघ फक्त तीन गुणांनी जिंकला. फेब्रुवारीत होली क्रॉसविरुद्ध पुन्हा घोटाळा झाला. सातपेक्षा जास्त गुणांनी हरायचं होतं, संघ जीव तोडून खेळला आणि ९८-९६ असा दोनच गुणांनी हरला. टोळीचे पैसे बुडाले. पाच जणांच्या खेळात दोघे विकत घेतले तरी उरलेले तिघे काय करतील याची हमी कोण देणार?

हे प्रकरण ना कॉलेजने पकडलं, ना एनसीएएने, म्हणजे कॉलेज-क्रीडा चालवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने. १९८० मध्ये हिल अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडकला, सरकारी साक्षीदार झाला आणि बोलता बोलता हे बाहेर आलं. बर्कला वीस वर्षांची कैद झाली. कूनला दहा, जी नंतर कमी झाली.

आजचे फिक्सर या बिघाडांवरून शिकले आहेत. जानेवारी २०२६ मध्ये फिलाडेल्फियातल्या फेडरल सरकारी वकिलांनी २६ जणांवर आरोप ठेवले. आरोपपत्रानुसार ही साखळी १७ हून अधिक संघांतल्या ३९ हून अधिक खेळाडूंपर्यंत पोचली होती, आणि एका सामन्याचे दहा ते तीस हजार डॉलर दिले जात. आरोप आहेत, निकाल नव्हेत. पण पद्धत बघण्यासारखी आहे. त्यात पहिल्या अर्धाच्या स्प्रेडवर मोठे पैसे लागलेले दिसतात. वीस मिनिटांत बदलणाऱ्या गोष्टी कमी असतात. उत्तरार्धात प्रशिक्षक माणूस बाहेर बसवू शकतो, संघ पेटून उठू शकतो. पूर्वार्धात तेवढा अवसर मिळत नाही. निशाण्यावर होते ते मोठ्या नावांचे संघ नव्हेत, तर जिथे खेळाडूला जाहिरातींचे पैसे फारसे मिळत नाहीत असे. अशाच संघांच्या विभागात माणसं कमी असतात आणि पुष्कळ कामं विद्यार्थी करतात. म्हणजे तुम्ही.

माणूस तुमच्यापर्यंत येतो कसा? काळ्या गाडीतून सूट घातलेला कुणी उतरत नाही. जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्यूनियस केलॉगला हजार डॉलर देऊ केले ते आदल्या हंगामातल्या त्याच्याच संघाच्या सहकर्णधाराने. केलॉगने प्रशिक्षकाला सांगितलं, पोलिसांनी त्याच्या अंगावर ध्वनियंत्र बसवलं आणि जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या तपासात ७ कॉलेजांचे ३२ खेळाडू आणि १९४७ ते १९५० मधले ८६ सामने निघाले. त्यात सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कही होतं, ज्याने १९५० साली देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या होत्या. पैसा लावणारा साल्वातोरे सोलाझो हा जवाहिऱ्या. त्याच्यासाठी मुलं गोळा करणारा लाँग आयलंड युनिव्हर्सिटीचा खेळाडू. अ‍ॅरिझोना स्टेटला स्मिथवर दहा हजारांचं कर्ज होतं, ते कॅम्पसवरच बुकीचा धंदा करणाऱ्या एका विद्यार्थ्याचं. तुलेन विद्यापीठात १९८५ साली उघडकीला आलेल्या प्रकरणात कोकेन आणि रोकड पुरवणारे वर्गातलेच होते. विद्यापीठाने पुरुषांचं बास्केटबॉल काही वर्षं बंदच ठेवलं. सॅन डिएगो विद्यापीठात २०११ साली खटला झाला तेव्हा मधला दुवा होता संघाचा माजी सहायक प्रशिक्षक, आणि त्याच टोळीचा गांजाचा धंदाही होता. दर वेळी ओळखीचाच कुणीतरी: जुना सहकारी, रूममेटचा मित्र, जिममध्ये भेटणारा दादा.

उसने पैसे घेण्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉनी हॉकिन्स हा आयोवाचा खेळाडू पहिल्या वर्षाला असताना जॅक मोलिनासकडून २०० डॉलर उसने घेऊन बसला. मोलिनास १९६१च्या मोठ्या फिक्सिंग प्रकरणाचा सूत्रधार निघाला. हॉकिन्सवर आरोपही ठेवला गेला नाही, पैसेही परत गेले होते, तरी कॉलेजने त्याला काढलं आणि एनबीएने १९६९ पर्यंत दारात उभं केलं नाही.

आता तुमच्या हातातल्या मालाकडे येऊ.

‘आज सरावाला कोण नव्हतं?’ हा प्रश्न गप्पांतला वाटतो. त्याचं उत्तर बाजारात विकलं जातं. कुणाचा घोटा सुजला, कुणी उलट्या करत झोपलाय, विमानाला उशीर झाल्यामुळे संघ पहाटे तीनला पोचला, सुरुवातीच्या पाचांत उद्या बदल आहे, आणि ट्यूटर मंडळींनो, कोण नापास होऊन अपात्र ठरणार आहे, हे सगळं जाहीर होईपर्यंतच मोलाचं. जाहीर झालं की भाव दोन-चार मिनिटांत सरकतो आणि माहितीची किंमत शून्य होते. बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या परिषदेने (आपसांत सामने खेळणाऱ्या संघांच्या गटाने) २०२३ पासून फुटबॉल सामन्याच्या दोन तास आधी उपलब्ध खेळाडूंची यादी जाहीर करायला सुरुवात केली ती चोरट्या माहितीचा बाजार बसावा म्हणूनच. शैक्षणिक माहिती फोडणं तर विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या फर्पा या १९७४च्या कायद्याशीही भिडतं.

एप्रिल २०२३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या बेसबॉल प्रशिक्षकाने सिनसिनाटीच्या सट्टा-काउंटरवर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला फोनवरून कळवलं की आपला आजचा सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा मुख्य खेळाडू) खेळणार नाही. त्या माणसाने प्रतिस्पर्धी एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) बाजूने एक लाख डॉलर लावायचा प्रयत्न केला; काउंटरने १५,०००च्या वर घेतले नाहीत, आणि घाईत त्याने फोनचा पडदा तिथल्या कर्मचाऱ्यांनाही दिसू दिला. आठवडाभरात प्रशिक्षकाची नोकरी गेली, पुढे एनसीएएने त्याला पुन्हा कामावर घेण्यावर १५ वर्षांचं बंधन लादलं. यात कुणी सामना फिक्स केला नव्हता. खेळाडूला एक पैसा मिळाला नव्हता. नुसती एक बातमी तासभर आधी फुटली होती.

आकडेवारी भरणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे. सामना सुरू असताना लागणारे पैसे तुम्ही टॅबलेटवर दाबलेल्या बटणावर चालतात. तुम्ही दहा-पंधरा सेकंद उशिरा दाबलं, तर मैदानात बसलेल्याला तेवढ्या वेळात जुन्या भावाला पैसे लावता येतात. टेनिसच्या खालच्या दर्जाच्या स्पर्धांत पंचांना पैसे देऊन नेमकं हेच करवून घेतलं गेलं आणि काही पंचांवर कायमची बंदी आली. ‘जरा सावकाश टाक’ असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ एवढाच असतो.

दुसरा माल म्हणजे तुमचं खातं. इथे मराठी, तेलुगू, गुजराती सगळीच मुलं सापडतात, आणि त्याला कारण आहे. बहुतेक राज्यांत सट्ट्याचं वय एकवीस. खेळाडू एकोणीसचा, त्याचे मित्र वीसचे. तुम्ही मास्टर्सला, तेवीसचे. कॅम्पसवरच्या नोकरीमुळे तुमच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे, त्यामुळे अ‍ॅपची ओळखतपासणी पार होते. वर तुमच्या नावावर सट्ट्याचा काही इतिहास नाही. फिक्सरला अशी खाती ढिगाने लागतात, कारण छोट्या परिषदेच्या सामन्यावर, त्यातही पूर्वार्धावर, एका खात्यातून अ‍ॅप दोन-तीन हजारांच्या वर बरेचदा घेत नाही. एकाच ठिकाणी मोठी रक्कम आली तर भाव पळतो आणि देखरेख करणाऱ्या कंपन्या जाग्या होतात. मार्च १९९४ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट-वॉशिंग्टन सामन्याचा भाव ११ वरून ३ वर घसरला तेव्हा वेगासमधल्या बुकींना काही सांगावं लागलं नाही. तो डाव फसला, यजमान १८ गुणांनी जिंकले, आणि ती घसरगुंडीच पुढे तपासाचा धागा झाली. म्हणून आता तीस खात्यांतून तीस लहान रकमा. ‘तुझं खातं वापरू दे, जिंकलेल्यातले दहा टक्के तुझे’ या वाक्यामागचा हिशेब हा.

तुमच्या बाजूने हिशेब असा. अ‍ॅपच्या अटींत दुसऱ्याला खातं वापरू देणं बंद आहे, तेव्हा पैसे गोठले तर तक्रार कुणाकडे करणार? एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेले बहुतेक जण पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरले जातात. अनिवासी माणसाच्या जुगारातल्या जिंकण्यावर ३० टक्के कर लागतो, हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही, आणि भारताशी असलेल्या करारात त्याला सूट नाही. दुसऱ्याने तुमच्या खात्यावर वीस हजार जिंकले आणि बावीस हजार हरले, तरी वीस हजारांचा प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. मिळालेले तर दहा टक्के, तेही रोख. सामना फिक्स निघाला की हेच व्यवहार तारखांसह सरकारी वकिलाच्या टेबलावर असतात, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायला वकील लागतो, त्याचा दर तासावर असतो.

क्रिकेटच्या सट्ट्याच्या ‘आयडी’ (सट्ट्याच्या साइटवरची लॉगिन) वाटणाऱ्यांनीही कान इकडे करावेत. फेडरल कायद्याचं कलम १९५५ असं की राज्याच्या कायद्याविरुद्धचा जुगाराचा धंदा पाच किंवा जास्त माणसं मिळून चालवत असतील, आणि तो तीस दिवसांहून जास्त चालला किंवा एका दिवसात २,००० डॉलरची उलाढाल झाली, तर तो फेडरल गुन्हा. नुसता पैसे लावणारा त्या पाचांत मोजत नाहीत. हिशेब ठेवणारा, आयडी देणारा, वसुली करणारा मोजतात. आयपीएलच्या मोसमात अपार्टमेंटमध्ये बसून पाच मित्रांनी चालवलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या व्याख्येत सहज बसतो. वर्षभर किंवा जास्त शिक्षा होऊ शकेल असा कलम १९५५खालचा गुन्हा इमिग्रेशन कायद्यात ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’च्या (हद्दपारीला कारण ठरणाऱ्या गंभीर गुन्ह्यांच्या) यादीत आहे, दहा हजार डॉलरहून जास्त नुकसान करणारी फसवणूकही आहे. अमेरिकन मुलाला कदाचित प्रोबेशन मिळेल. तुम्हाला परतीचं विमान मिळेल, आणि पुन्हा येण्याचा रस्ता जवळजवळ बंद.

नियमांबद्दल थोडक्यात. संघाचे विद्यार्थी-मॅनेजर, व्हिडिओवाले, ग्रॅज्युएट असिस्टंट यांना विद्यापीठं सहसा अ‍ॅथलेटिक्सचे कर्मचारी धरतात, आणि मग एनसीएएचा सट्टाबंदी नियम खेळाडूइतकाच तुम्हाला लागतो. एनसीएएच्या अखत्यारीतल्या कुठल्याही खेळावर पैसे नाहीत, कॉलेजच्या पातळीवर नाही आणि व्यावसायिक पातळीवरही नाही. मार्च महिन्यात लॅबमध्ये पाच-पाच डॉलर काढून जो ब्रॅकेट (कॉलेज स्पर्धेतला कोणता सामना कोण जिंकणार याचा तक्ता) भरला जातो तोही यात येतो, प्रवेश फी आणि बक्षीस दोन्ही असले की झालं. आपल्या विभागाचा लेखी नियम मागून घ्या. तोंडी ‘चालतं रे’ वर जाऊ नका.

कुणी विचारणा केली तर करायचं ते फार नाही, पण क्रम महत्त्वाचा. उत्तर देऊ नका, चेष्टेतही नको. ‘बघतो’ हाही शब्द पुढे संभाषणाच्या नोंदीत वाईट दिसतो. संदेश जसाच्या तसा ठेवा, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. त्याच दिवशी अ‍ॅथलेटिक्सच्या कम्प्लायन्स (नियमपालन) कार्यालयाला ईमेल करा. प्रशिक्षकाला सांगायचं असेल तर सांगा, पण लेखी कम्प्लायन्सलाच. विचारणारा संघातलाच असेल तरी हेच. स्वतः छडा लावायला जाऊ नका. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातले सल्लागार व्हिसाच्या कागदांसाठी आहेत, ते तुमचे वकील नव्हेत. तिथे केलेलं बोलणं गोपनीय राहील असं धरून चालू नका.

ज्यांनी खातं आधीच देऊन ठेवलं आहे, किंवा दोन-चार वेळा ‘तो आज लंगडत होता’ असं कळवून झालं आहे, त्यांनी आज पहिली गोष्ट करायची ती म्हणजे काहीही पुसायचं नाही. अलाबामा प्रकरणातला पैसे लावणारा तुरुंगात गेला तो तपासात अडथळा आणल्याबद्दल, कारण त्याने पुरावा नष्ट केला होता. चॅट, बँकेचे व्यवहार, अ‍ॅपमधला इतिहास तसाच राहू द्या. नवे पैसे लावणं मात्र त्याच क्षणी थांबवा. मग विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा सेवेत जाऊन फौजदारी वकिलाचं नाव मागा, आणि इमिग्रेशन जाणणारा दुसरा वकीलही सोबत घ्या, कारण एकाला परवडणारी कबुली दुसऱ्याच्या दृष्टीने घातक असू शकते. फेडरल तपासनीस दारात आले तर खोटं एक अक्षर बोलू नका, त्याची शिक्षा वेगळी पाच वर्षांपर्यंत आहे. ‘वकिलासमोर बोलेन’ एवढं म्हणायचा हक्क एफ-१ वाल्यालाही आहे. आणि घरी पुण्याला, नागपूरला फोन करायचा तो वकिलाची वेळ ठरल्यावर, आधी नको, कारण घरच्यांनी घाबरून चार नातेवाइकांना विचारलेलंही कुठेतरी लिहिलेलं राहतं.

आपले,
कॉलेज-क्रीडेच्या नियमपालनाचं काम जवळून जाणणारी काही मराठी माणसं